ताडपत्रीखालची गाडी

सकाळी अंगण झाडायला म्हणून दार उघडलं आणि खराटा हातातच राहिला. समोर भिंत उभी होती. काळपट, दवानं ओली, ठिकठिकाणी फुगलेली. परवापर्यंत तिथे खिडक्या होत्या, खिडक्यांना हिरवी जाळी होती, जाळीमागे पडदे होते, आणि शाळेतून आल्यावर मी रोज त्या पडद्यांकडे बघून मनाशी म्हणायची, आपल्या घरापेक्षा या गाडीचंच बरं आहे. काल मी बहिणीकडे लामत्याला गेले होते, परतले तेव्हा अंधार झाला होता, म्हणून काही कळलं नव्हतं. आता टपापासून चाकांपर्यंत ताडपत्री, तिच्यावर आडवेउभे काथ्याचे दोर आणि खाली कडेनं विटा. मी एक पाऊल मागे सरकले. का सरकले ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. गाडी झाकली होती, एवढंच तर झालं होतं. थंडीचे दिवस, लोक म्हशीच्या पाठीवरसुद्धा पोतं टाकतात. पण मला वाटलं की आत कुणीतरी आहे आणि त्याला श्वास घेता येत नाही. मी भित्री बाई आहे हे मला कुणी सांगायला नको. वर्गात एखाद्या पोरीच्या हातून डबा पडला तरी मी दचकते, आणि मग पोरी आठवडाभर मुद्दाम डबे पाडतात. मी स्वतःला दटावलं आणि अंगण झाडलं. गाडीकडची बाजू मात्र तशीच राहिली.

गाडी आमची नव्हती. आमच्या घरी सायकलसुद्धा वसंताच्या मामाची होती. वसंता म्हणजे माझा नवरा; तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, मनात मात्र वसंताच म्हणते, सारा मोहल्ला म्हणतो तसं. नागपूरच्या एका शिकार कंपनीत तो ड्रायव्हर होता. जुन्या लॉरीवर लाकडी खोली बांधून कंपनीनं ही गाडी करवून घेतली होती. आत दोन पलंग, घडीचं टेबल, तोंड धुवायला भांडं, बाटल्या ठेवायला कप्पे. गोरे साहेब आणि त्यांच्या मडमा तिच्यातून बिरशाच्या जंगलाकडे जायचे, तिथे मुक्काम करायचे, वाघ मारायचे किंवा वाघ दिसला नाही म्हणून वसंतावर ओरडायचे. मोहल्ल्यातले लोक तिला डेरागाडी म्हणत. मग सरकारनं वाघ मारायला बंदी केली. कंपनी बसली. मालकानं वसंताला सांगितलं की उन्हाळ्यात कॅमेरावाले पाहुणे आणायचा विचार आहे, तोवर गाडी नीट सांभाळ. गाडी राहिली तर तुझी नोकरी राहिली. पावसाळाभर ती एका राइस मिलच्या शेडमध्ये उभी होती. कार्तिकात नवं धान यायला लागलं, मिलवाल्याला शेड हवी झाली, आणि डेरागाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. अंगण संपलं. तुळसाबाईचं, म्हणजे माझ्या सासूचं, उन्हात बसायचं ठिकाण गेलं. पण ती कुरकुरली नाही. दारात एवढी मोठी गाडी उभी आहे हे तिला आवडलं होतं.

झाकायची की नाही, यावर आमच्याकडे एक पूर्ण दुपार वाद झाला होता. बस स्टँडजवळचा भैयालाल मिस्त्री गाडीखाली डोकावून आला आणि हात पुसत म्हणाला, "देख वसंता, ढाकना मत. झाकली का आतल्या आत पानी सुटते, पत्रा सडते. हवा लगने दे." तुळसाबाई सुपात तांदूळ पाखडत होती, ती तिथूनच म्हणाली, "अन् वैनगंगेवरचं धुकं येते थे? सारं लाकूड फुगन. लाकडाले काय अन् मानसाले काय, थंडीचं झाकूनच ठेवा लागते." भैयालाल हसला. "मेरा क्या, गाडी मेरी थोडी हय." वसंता दोघांच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला ठरवता येत नव्हतं. जंगलात अंधारात गाडी मागे घ्यायची म्हटलं तर त्याचा हात कापत नसे, पण नोकरीचा प्रश्न आला की तो पार गळून जायचा. शेवटी तो माझ्याकडे वळला. "मास्तरीनबाई, तुम्ही सांगा." थट्टेत म्हणाला, पण त्याला खरंच विचारायचं होतं. मला म्हणायचं होतं, झाकू नका. तुळसाबाईनं सूप थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिला बोलायची गरज नव्हती. झाकायचं की उघडं ठेवायचं यावर मत द्यायचा हक्क या घरात मला नाही. दार उघडणारी बाई मी.

आमची मुलगी बारशाआधीच गेली. पौषातलं बाळंतपण, कडाक्याची थंडी, आणि मागची ती बिनखिडकीची खोली. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर तुळसाबाईनं घरातले सगळे देव वैनगंगेत नेऊन सोडले होते, उपासतापास सोडले होते, अंगात येणाऱ्या जावेशी बोलणं सोडलं होतं. पण बाळंतिणीची खोली तिनं सोडली नाही. दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, आणि बाजेखाली गोरसी. मातीचं पसरट भांडं, त्यात गोवऱ्यांचे निखारे आणि वरून धानाचा भुसा. ती बाहेर पेटवायची, धूर पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, आणि धूर गेला की मगच आत न्यायची, अशी रीत. धूर गेला म्हणजे त्रास गेला. तुळसाबाई या बाबतीत फार काटेकोर होती; गोरसीवर वाकून, नाक लावून बघायची. त्या उबेत माझं डोकं दुखायचं. दुखायचं म्हणजे कुणीतरी कपाळाला दोर बांधून पिळतंय असं, आणि कानात ठोके पडायचे. मी सांगितलं तर ती म्हणाली, "बाळंतिनीचं डोकं दुखतेच." मग एका पहाटे जाग आली आणि मला वाटलं, मी आता मरते. हातपाय माझे नव्हते. मी बाजेवरून पडले, सरपटत दारापर्यंत गेले, कडी काढली, आणि उंबऱ्यावर तोंड ठेवून पडले. एवढंच मला आठवतं. पोरीला बरोबर घ्यावं हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी उचलता आली नसती. तुळसाबाई उठून आली तेव्हा दार सताड उघडं, मी उंबऱ्यावर, आणि पोरगी बाजेवर. गाल लाल, ओठ लाल. आत्ताच पिऊन झोपली असं वाटत होतं. हवा लागली, असं सगळे म्हणाले. आईनंच दार उघडलं, आणि पोरीला हवा लागली. वसंता तेव्हा जंगलात होता; तो आला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं गेलं, आणि तो मला एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. पुन्हा दिवस राहिले नाहीत. तेव्हापासून मी घरातली सगळी दारं दोनदोनदा लावते, आणि लावून झाल्यावर दाराशी उभी राहून मला गुदमरतं. ही भीती घेऊन मी शाळेत जाते, पाढे म्हणून घेते, पगार आणते. कुणाच्या लक्षात येत नाही.

तर मी लामत्याला गेले असताना गाडी झाकली गेली. आणि भैयालाल म्हणाला होता तसंच झालं. वसंतानं ताडपत्रीची कड उचलून दार उघडून पाहिलं तर पावसाळ्यात आत शिरलेली ओल आता बाहेर निघायला वाट नसल्यानं फळ्यांवर चढली होती, गाद्यांवर पांढरी बुरशी धरली होती. तो रडकुंडीला आला. ताडपत्री काढून टाका, असं मी म्हणू शकले असते. मी चुलीपाशी बसून भाकरी थापत राहिले. उपाय तुळसाबाईनं सांगितला. "गोरसी ठेव. चार दिसांत वाळून कोरडी ठक होते का नाई पाह्य." वसंताचा चेहरा उजळला. इतकं सोपं होतं तर! मग रोज सकाळी, मी शाळेत निघायच्या सुमाराला, ती गोरसी भरायची, धूर जायची वाट पाहायची आणि वसंता ती चिंध्यांत धरून गाडीत न्यायचा. लाकडाच्या गाडीत विस्तव नुसता सोडून कसा चालेल, ठिणगी उडाली तर? म्हणून तो आतच बसायचा, राखण करत. तो आत गेला की तुळसाबाई मागून ताडपत्रीची कड खाली सोडायची, तिच्यावर विटा ठेवायची, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. मी पायात चपला घालता घालता हे बघायची. एकदा धीर करून म्हटलं, "अहो, कड थोडी उचललेली ठेवा ना." तो म्हणाला, "काहून? सारी ऊब निंघून जाईन ना." आणि तुळसाबाई, विटेवरचा हात तसाच ठेवून, "तुले कोंडल्यासारखं होत असन तं तू नको पाहू इकडे." खरंच, मी तिकडे पाहणं सोडून दिलं.

संध्याकाळी मी येईपर्यंत तो बाहेर आलेला असे. डोकं दुखून राह्यलं म्हणायचा. जेवण नको म्हणायचा. मी म्हटलं, भैयालालकडे जाऊन जरा हवा खाऊन या, तर म्हणे पायात जीव नाही. तुळसाबाईनं त्याच्या डोक्याला मफलर गुंडाळला, कानावरून, हनुवटीखालून. थंडी भरली, तिचं निदान ठरलेलं. मला मात्र वाटत होतं की हा आतून खचला आहे. ज्या गाडीत पुढं बसून त्यानं उभी उमर काढली, तिच्यात आता मागच्या पलंगावर एकटाच बसतो, साहेब जिथे बसायचे तिथे, आणि त्याला नोकरीचे विचार पोखरत असणार. मी त्याच्या मनाचे एवढे बारीक अर्थ लावत बसले. शिकलेल्या बायकांना ही खोडच असते. रविवारी तो आतून आला तेव्हा मी अंगणात होते. चेहरा चांगला लालबुंद झालेला. तुळसाबाई बोट नाचवत म्हणाली, "पाह्य वो, पोराच्या तोंडावर कशी लाली आली. शेक मानवला त्याले." मीही हसले. त्याच्या गालांकडे पाहिलं आणि हसले.

सोमवारी दुसऱ्या तासाला मी पोरींना शुद्धलेखन घालत होते. खिडकीतून ऊन आलं होतं, पहिल्या बाकावर सावित्री बसली होती, मळ्यातून चालत येणारी, थंडीनं गाल लाल झालेले. मी वाक्य सांगत होते आणि तिच्याकडे पाहत होते आणि वाक्य मध्येच तुटलं. पोरी लेखणी धरून वाट बघत राहिल्या. कुणीतरी डबा पाडला, मी दचकले नाही. मला वसंताचे गाल दिसत होते, आणि ते वसंताचे नव्हते. ते बाजेवर होते. पौषातल्या पहाटेचे. हवा लागून, गारठून मेलेलं मूल लाल कसं असेल? गारठलेलं माणूस निळं पडतं. नदीत बुडून गारठलेला प्रेमलाल मी लहानपणी पाहिला होता, त्याचे ओठ जांभळासारखे झाले होते. माझी पोरगी लाल होती. माझं डोकं दुखत होतं. वसंताचं डोकं दुखतं. माझे हातपाय गेले होते. त्याच्या पायात जीव नाही. हे सगळं इतकी वर्षं माझ्यासमोर पडलेलं होतं आणि मी त्याला ओलांडून येत-जात होते. दार उघडल्यानं ती गेली नव्हती. दार उघडल्यानं मी जिवंत राहिले होते. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही, कारण त्याच क्षणी हेही कळलं की आत्ता, या तासाला, तो तिथे आत आहे आणि कडेवर विटा ठेवल्या आहेत.

मी खडू हातात घेऊनच पळाले. हेडमास्तरीणबाई व्हरांड्यातून "अगं, ललिताबाई!" म्हणाल्या, तेवढं ऐकू आलं. रस्त्यात मिलपुढे धानाच्या बंड्या लागलेल्या, बैल सोडलेले, रस्ता अडलेला. पदर कुठे, चप्पल कुठे, भान नव्हतं. मिलच्या चिमणीतून भुशाचा धूर निघत होता आणि मला त्याचा वास सहन होईना. पुढे छोट्या लाइनच्या रेल्वेचं फाटक बंद. गाडी गोंदियाकडून येत होती, डुलत डुलत, तिला कसलीच घाई नव्हती. फाटकाशी सायकलवाले पाय टेकून गप्पा मारत होते. मी वाकून दांड्याखालून शिरले. कुणीतरी हिंदीत शिवी घातली, इंजिन किंचाळलं, मी पलीकडे होते. पळताना मी कुणाची तरी करुणा भाकत होते, पण देव तर सासूनं सोडलेले, आणि बुद्ध मागितलेलं देत नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी वसंतालाच म्हणत होते, थांब, थांब, झोपू नको. मला तो मेलेला दिसत होता. एकदा नाही, प्रत्येक वळणावर.

तुळसाबाई गाडीच्या पुढ्यात उन्हात बसून तांदूळ निवडत होती. "अवो, तू कशी आली? शाळा सुटली काय?" मी विटा पायानं उडवल्या. "काय करून राह्यली वो! आवाज नको करू, झोपला असन थो." कड उचलून मी दार ओढलं. आतून ऊब तोंडावर आली, गोडसर, बिनधुराची, आणि ती ऊब मी ओळखली. वसंता पलंगावर कुशीवर होता, मफलर गुंडाळलेला, एक हात खाली लोंबत होता. हाका मारल्या, हलवलं. मान लुळी पडली. तो माझ्याच्यानं उचलेना. मी बाहेर आले, ओसरीतला विळा घेतला आणि खिडकीच्या अंदाजानं ताडपत्रीवर चालवला. ताडपत्री मिलवाल्याची होती. ती फाटताना मोठा आवाज झाला, आणि तुळसाबाईनं मागून माझी कंबर धरली. "बाई वो, याड लागलं काय तुले! हवा लागन त्याले! हवा लागन!" मी तिला ढकलून दिलं. सासूच्या अंगाला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. तांदूळ अंगणभर झाले. जाळी तोडली, दारातून परत आत गेले, त्याच्या काखेत हात घातले आणि मागे मागे ओढत त्याला पायरीवरून खाली आणलं. त्याचं डोकं पायरीवर आपटलं. आपटू दे, म्हटलं. मफलर ओढून काढला, बटणं तोडली, तोंडावर पाणी मारलं, मग थपडा मारल्या. किती मारल्या कोण जाणे. नंतर हात सुजला होता. आणि तो ओकला. माझ्या पदरावर, तांदळावर, सगळीकडे ओकला, आणि घरघरत श्वास घेतला. मग दुसरा घेतला.

मी जमिनीवर बसून त्याचे श्वास ऐकत राहिले. प्रत्येक श्वासानंतर वाटायचं, आता नाही येणार. मग यायचा. तुळसाबाई आतून गोधडी घेऊन आली. तिनं ती त्याच्या अंगावर टाकली, पायांपासून वर आणत आणत तोंडापर्यंत आणली. मी तोंडावरची बाजूला केली. तिनं पुन्हा ओढली. मी तिचं मनगट धरलं. "तोंड उघडं राहू द्या, माय." ती माझ्याकडे पाहत नव्हती. त्याच्या गालांकडे पाहत होती. उन्हात ते फार लाल दिसत होते. तिची बोटं गोधडीवर तशीच थांबली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी हळूहळू उतरायला लागलं. मला कळलं काय उतरतंय ते, आणि फाटकाखालून शिरतानासुद्धा वाटली नव्हती इतकी भीती वाटली.

"ललिता," ती म्हणाली, "तवा तू दार काहून उघडलं होतं वो?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. उघडलंसच कसं, असं पुष्कळांनी विचारलं होतं. "जीव गुदमरत होता," मी म्हटलं.

"अन् पोरगी..." तिनं गोधडीचं टोक मुठीत धरलं. "मीच पहाटे उठून भुसा टाकलता. इझू नये म्हनून. धूर पाहूनच ठेवलती, वो. धूर नोयता." मग माझा हात घट्ट धरून, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून, "ते अशीच गेली काय वो? माझ्या गोरसीनं?"

नाही म्हणणं अवघड नव्हतं. मी मास्तरीण आहे, पोरींना बरं वाटावं म्हणून दिवसातून चार खोट्या गोष्टी सांगते. हिलाही सांगता आली असती. म्हातारी आहे, हे ऐकून जगायची नाही, असं वाटलं आणि खरोखर घाबरले. वसंताचे डोळे मिटलेले होते, पण त्याचा श्वास एकदम हलका झाला होता. तो ऐकत होता. मी बोलले नाही तर तो कधीच विचारणार नव्हता, आणि आम्ही तिघं या घरात तसेच राहणार होतो, मी दार उघडणारी बाई होऊन.

"हौ, माय," मी म्हणाले.

तिनं माझा हात सोडला. वसंताच्या अंगावरची गोधडी तिनं हळूच काढली, गोळा केली आणि मांडीवर घेऊन बसली.